बसल्याशिवाय दिसत नाही

मी: नाही बसणार मी खाली. एकदा सांगितलं ना.

मॅडम: आग्रह नाही गं. पण उभी राहिलीस तर तुला आतलं काही दिसणार नाही. खालची हातभर पट्टी सोडून सगळ्या काचेला फिल्म लावलीय.

मी: ते कळतंय मला. दुधासारखी झालीय काच. कुणी लावली? बुडबुडे राहिलेत.

मॅडम: कुठे?

मी: हा काय. आणि तो कोपरा बघा, आत्ताच उचललाय. एका कडेनं दाबत दाबत यायचं असतं. मी मोबाइलच्या दुकानात दिवसभर स्क्रीनगार्ड लावते. असं काम केलं तर गिऱ्हाईक फोन तोंडावर मारेल.

मॅडम: शाळेत नाहीस?

मी: सोडली. आता भाषण नको हां. ज्याला त्याला भाषण द्यायचं असतं.

मॅडम: मी कशाला देऊ? मला स्वतःलाच आज काही कळेनासं झालंय.

मी: तुम्ही आहात कोण पण? चांगले कपडे घालून कोर्टाच्या जमिनीवर बसलाय, हातात मापाची टेप. मघापासून ती टेप ओढताय, सोडताय, ओढताय, सोडताय. डोकं उठलं माझं.

मॅडम: सॉरी, ठेवते. ही खोली मी केलीय. म्हणजे नकाशा माझा. आईबाबा वेगळे झालेल्या मुलांना इथं भेटायला आणतात, तर त्यांना कोर्टात आल्यासारखं वाटू नये अशी खोली करून द्या, असं काम होतं. आज पहिला दिवस. चालतंय का ते बघायला आलेय.

मी: मग आत जाऊन बघा.

मॅडम: आत फक्त मुलं आणि त्यांची आई नाहीतर बाबा. आणि काउन्सेलर. आपण दोघी बाहेरच्या.

मी: मी नाही बाहेरची. माझं नाव आहे कोर्टाच्या कागदावर. मी आणि बारक्या, दोघांनी बाबांना भेटायचं. एक शनिवार सोडून एक, तासभर.

मॅडम: अगं, मग तू बाहेर का?

मी: माझी मर्जी.

मॅडम: बरं.

मी: बरं काय बरं? दोन वर्षं झाली, आत पाऊल टाकलेलं नाही मी. याला आणते, दारात सोडते, इथं उभी राहते, तास झाला की घेऊन जाते. आईला बाबांचं तोंड बघायचं नाही म्हणून मी. कुणीतरी पाहिजे ना आणायला.

मॅडम: आणि तो आत एकटा राहतो?

मी: तेच तर लफडं आहे. राहत नाही. मागच्या खेपेला जुन्या खोलीत रडून रडून ओकला. आता काउन्सेलर मॅडमनी सांगितलंय, आज हा तासभर आत टिकला पाहिजे. नाही टिकला तर इथल्या भेटी बंद. मग बाबांचं तोंड फोनवर बघायचं, झालं.

मॅडम: आणि तू आत गेलीस तर तो टिकेल.

मी: त्यापण हेच म्हणाल्या. सगळ्यांना ओझं ठेवायला माझाच खांदा सापडतो. होऊ देत बंद. माझे शनिवार तरी सुटतील.

मॅडम: खरंच असं वाटतं तुला?

मी: माहीत नाही. तुम्ही कशाला विचारता? तुमचं काम खोलीचं आहे ना? खोलीचं बोला.

मॅडम: बरं, खोलीचं. आत काय चाललंय सांगू?

मी: नको.

मॅडम: नको तर नको.

मी: रडतोय का?

मॅडम: नाही. खुर्ची उलटी करून तिच्या पायांना बोटं लावून बघतोय.

मी: घरीपण तेच करतो. आणि ते?

मॅडम: ते म्हणजे?

मी: ते म्हणजे ते. बाबा.

मॅडम: उभे आहेत.

मी: उभे कशाला? बसायला काय धाड भरलीय?

मॅडम: अगं, ते माझ्यापण आत्ता लक्षात आलं. कुणाला बोलू नकोस हं. आत मोठ्यांची खुर्चीच नाहीये.

मी: काय?

मॅडम: सगळ्या छोट्या. मी काय केलं, मुलांना काय दिसतं ते कळावं म्हणून एक अख्खा दिवस जुन्या खोलीत रांगले. खरंच, गुडघ्यांवर. तिथून टेबलाचं पोट दिसतं, त्याला चिकटवलेलं च्युइंगगम दिसतं, माणसांचे नुसते गुडघे दिसतात. भयंकर वाटलं मला. घरी जाऊन सगळं त्या उंचीला काढलं. कडी, खुंट्या, नळ, काच, खुर्च्या. मोठ्यांच्या खुर्च्या शेवटी बघू म्हटलं आणि इतकी खाली गेले की वर यायचंच राहिलं.

मी: म्हणजे फॅमिलीची खोली, आणि फॅमिलीला टेकायला जागा नाही!

मॅडम: हसू नकोस गं.

मी: हसू नको तर काय करू? सहा फुटी माणूस आहे तो, टँकर चालवतो. बसवा त्याला बालवाडीच्या खुर्चीवर. फोटो काढते मी.

मॅडम: बसतायत. थांब. बसले. गुडघे कानांना लागलेत.

मी: मोडेल ती.

मॅडम: खुर्ची? नाही मोडणार, मजबूत आहे.

मी: कंबर म्हटलं मी. कंबर दुखते त्यांची. मरू दे, मला काय.

(दार आतून उघडतं.)

बारक्या: ताई, आहेस?

मी: तू बाहेर कसा आलास रे?

बारक्या: कडी खाली आहे. माझ्या हाताला येते. हे बघ, लागली. हे बघ, उघडली. परत लावून दाखवू?

मी: पुरे. आत जा.

बारक्या: तू इथंच आहेस ना पण?

मी: नाही, उडून गेले. जा आत.

बारक्या: आतून नुसत्या चपला दिसतात तुझ्या. लाल दोऱ्यानं अंगठा शिवलाय ती तूच ना?

मी: मीच.

बारक्या: मग हलवत जा मधूनमधून. नाहीतर मला वाटतं, चपला ठेवून गेलीस.

मी: हलवते. पळ.

मॅडम: गेला. अगं, गेला की आपणहून! रडला नाही, काही नाही.

मी: त्यात काय एवढं?

मॅडम: कडी मी मुद्दाम खाली लावून घेतली. किती भांडण झालं माहितीय त्यावरून? काउन्सेलर म्हणाल्या, मुलं पळून जातील. मी म्हटलं, ज्याला दार उघडता येतं तो कशाला पळेल? म्हटलं खरं, पण रात्री झोप नाही लागली. पळून गेलंच एखादं तर?

मी: जुन्या खोलीत कडी वर होती. हा दोन वर्षांचा असेल तेव्हा. दाराला चिकटून ओरडायचा, मला बाहेर ने, बाहेर ने. मी टाचा उंच करून काढायची, पाणी पाजायची, परत आत आणायची. काउन्सेलर मॅडम माझ्यावरच डोळे वटारायच्या. खुर्च्या सगळ्या एका लायनीत, जमिनीला ठोकलेल्या, सगळ्यांची तोंडं त्यांच्या टेबलाकडे. आमचं भांडण आहे की बस येणार आहे, काही कळायचं नाही.

मॅडम: आणि तुमचे बाबा काय करायचे?

मी: मांडीवर हात ठेवून बसायचे. फोटो काढताना बसतात ना, तसे. आत्ता काय करतायत?

मॅडम: तू बघायचं नाही म्हणतेस आणि घडीघडीला विचारतेस.

मी: मग नका सांगू. मोठ्या आल्या.

मॅडम: चिडतेस काय लगेच? ते भिंतीवरची अक्षरं वाचतायत. आणि तो…

बारक्या: ताई! ट्रक कुठाय?

मी: आला परत. कुठला ट्रक?

बारक्या: आपला. तीन चाकांचा. कपाटात नाही, खाली नाही, कुठेच नाही. नवीन गाड्या आहेत, पण त्या लाकडाच्या आहेत आणि त्यांना ड्रायव्हर नाही.

मॅडम: तो पत्र्याचा का, निळा? अरे, तो… त्याची कड फाटलेली होती. हात कापला असता कुणाचा.

बारक्या: मला माहितीय कुठे धरायचं नाही ते. कुठाय?

मॅडम: जुन्या सामानाबरोबर गेला, बाळा.

बारक्या: कुठे गेला?

मी: भंगारात. स्पष्ट सांगा ना. रे, तो गेला. आता नवीन गाड्यांशी खेळ.

बारक्या: बाबा आणि मी तोच चालवायचो. ते चाकाच्या जागी बोट लावायचे.

मी: बोट लावायचे म्हणजे?

बारक्या: चौथं चाक नव्हतं ना. म्हणून तिथं बाबांचं बोट. मग आता काय चालवायचं?

मी: मला काय विचारतोस? त्यांना विचार. जा, आत जा, काउन्सेलर मॅडम बघतायत.

बारक्या: चपला हलवल्या नाहीस तू मघाशी.

मी: विसरले. जा.

मॅडम: वाईट झालं. मला माहीत नव्हतं गं.

मी: विचारायचं ना! नवीन करायचं म्हणून सगळं उचलून फेकायचं? तो आत रडायला लागला तर तुमच्यामुळे.

मॅडम: विचारलं होतं. शपथेवर. इथं येणाऱ्या मुलांना बसवून विचारलं, खोलीत काय काय पाहिजे? एक म्हणाला लिफ्ट. एक म्हणाली मांजर. एकानं सांगितलं दोन दारं करा, म्हणजे माझी आई आणि बाबा समोरासमोर येणार नाहीत. ते केलं मी, दुसरं दार पलीकडे आहे. आणि एक छोटी होती, ती म्हणाली, आई पाहिजे खोलीत. आता ते मी कुठल्या भिंतीला लावू? ट्रकचं मात्र कुणी बोललंच नाही.

मी: असलेली गोष्ट कोण मागेल?

मॅडम: हो ना.

मी: मला कुणी नाही विचारलं.

मॅडम: तुझ्याएवढी मुलं येतात हेच मला माहीत नव्हतं. मला दिलेल्या यादीत सगळी बारकी होती. तुला काय हवं होतं आत?

मी: मला? मला काही नको. मी आता अठराची होईन, माझं नाव कटेल कागदावरून. मग मी नुसती सोबत. बारक्याची पिशवी धरायला.

मॅडम: पण आत्ता तरी तुझं नाव आहे ना. मग दोन वर्षांपूर्वी काय झालं?

मी: तुम्ही खोलीचं बोलणार होता.

मॅडम: हे खोलीचंच आहे. कुणी खोलीत का येत नाही, ते मला कळायला नको?

मी: फार हुशार. फ्रॉक आणला होता त्यांनी.

मॅडम: फ्रॉक?

मी: माझ्या वाढदिवसाचा. झालरवाला, पाठीवर बो. सातआठ वर्षांच्या पोरीचा. मी तेव्हा पंधराची. वर म्हणतात, लावून बघ. सगळ्या खोलीसमोर. बाजूला बसलेली माणसं हसली, काउन्सेलर मॅडम हसल्या. मी त्यांच्या अंगावर फेकला आणि निघाले.

मॅडम: मग?

मी: मग काही नाही. दारातून मागे बघितलं तर घडी घालत बसले होते. बो मध्ये येत होता, घडी बसत नव्हती.

मॅडम: म्हणजे माप चुकलं म्हणून तू…

मी: माप चुकलं म्हणून नाही! म्हणजे, माप चुकलं म्हणूनच. तुम्हाला नाही कळणार. एकत्र राहायचो तेव्हापण ते टँकरवर, महिना महिना. घरी आले की दारातच म्हणायचे, ही कोण बाई आली आमच्या घरात? मी लहान होते तेव्हा हसायला यायचं. नंतर वाटायला लागलं, खरंच विचारतायत.

मॅडम: हं.

मी: हं काय? बोला की काहीतरी.

मॅडम: काय बोलू? मी त्यांना खुर्ची द्यायला विसरले, ते तुझं वय विसरले. मी कुठल्या तोंडानं बोलू?

मी: त्यांची बाजू घेताय?

मॅडम: नाही गं. कुणाची बाजू आहे तेच कळत नाहीये. माझे पाय दुखायला लागलेत. शेजारच्या कोर्टात खुर्च्या आहेत, एक मागून आणते त्यांच्यासाठी. तेवढं तरी सुधारते.

मी: थांबा. आत्ता कसे बसलेत?

मॅडम: खुर्चीवर नाहीयेत. अगं, खाली बसलेत. पाय पसरून, भिंतीला पाठ लावून. आणि हा त्यांच्या पायांवरून लाकडी गाडी चालवतोय. गुडघा म्हणजे घाट केलाय. उतरताना ते तोंडानं ब्रेकचा आवाज काढतायत, बघ ना, गाल फुगलेत. ऐकू येतोय?

मी: येतोय.

मॅडम: आणते मग खुर्ची?

मी: नका आणू.

मॅडम: का? कंबर दुखते म्हणालीस ना.

मी: नका आणू म्हटलं ना. का ते मला माहीत नाही. खुर्ची दिली की परत मांडीवर हात ठेवून बसतील.

मॅडम: पण खोलीत मोठ्यांना खुर्ची नाही ही माझी चूक आहे. ती चूक तशीच ठेवू?

मी: मला काय विचारता? तुम्ही शिकलेल्या आहात. पुढच्या खेपेला आणा. नाहीतर नका आणू. आज नको.

मॅडम: बरं बाई. आज नको.

मी: किती वेळ राहिला?

मॅडम: थोडाच. टिकला गं तो! येत राहिला, जात राहिला, पण टिकला. काउन्सेलरनं हे टिकणं धरलं म्हणजे मिळवलं. त्या म्हणतील, सारखा बाहेर येत होता.

मी: म्हणू देत तर खरं. मी सांगते त्यांना. परत आत जात होता ते नाही दिसलं का म्हणावं.

मॅडम: मघाशी तर भेटी बंद झाल्या तर बरं म्हणत होतीस.

मी: मघाशी मघाशी होतं. तुम्ही शब्दात पकडू नका मला, डोकं फिरतं माझं.

मॅडम: ऐक ना. ते इकडे बघतायत.

मी: कोण?

मॅडम: तुझे बाबा. म्हणजे काचेकडे. खाली. मान वाकडी करून तुझ्या चपला बघतायत.

मी: बघू देत.

मॅडम: तू हलवतेयस.

मी: बारक्यासाठी हलवतेय. त्यानं सांगितलंय म्हणून.

मॅडम: बारक्या बघत नाहीये. तो खडूचा डबा उघडतोय. बाबा काहीतरी सांगतायत त्याला. तो मान हलवतोय. नाही म्हणतोय. आता हो म्हणतोय. आला बघ दाराशी.

बारक्या: ताई, चप्पल काढ.

मी: काय?

बारक्या: एकच. कुठलीपण. मी कागद आणलाय. त्याच्यावर पाय ठेव, मी खडूनं सगळीकडून रेघ मारतो.

मी: हा कसला खेळ?

बारक्या: खेळ नाही. बाबांनी पाठवलंय.

मी: काय सांगून पाठवलंय? नीट सांग, पहिल्यापासून.

बारक्या: ते म्हणाले, ताईची चप्पल तुटलीय का? मी म्हटलं, तुटली होती, तिनं शिवली. मग ते म्हणाले, तिच्या पायाचा नंबर काय? मी म्हटलं, माहीत नाही, पण मोठा आहे. मग ते म्हणाले, अंदाजे नको. अंदाजे मी लई चुकतो. कागद ने आणि बरोबर माप घेऊन ये.

मी: आणि?

बारक्या: आणि म्हणाले, ती चिडली तर काही बोलू नको, कागद घेऊन गपचूप परत ये. तू चिडलीयस?

मी: माहीत नाही.

बारक्या: मग मी परत जाऊ की थांबू?

मी: थांब. हा घे पाय. पटकन कर.

बारक्या: हलवू नको!

मी: नाही हलवत.

बारक्या: हलतोय! हे बघ, रेघ बाहेर गेली. बदकाचा पाय झाला. बाबा बदकाची चप्पल आणतील.

मी: अरे, एका पायावर उभी आहे मी. कागद सरकतोय, त्याला मी काय करू?

बारक्या: मग खाली बस ना. मॅडम बसल्यात तशी.

मॅडम: इथं बसलीस तर आतून दिसशील हं. चपला नाही, अख्खी. आधीच सांगून ठेवते.

मी: कळतं मला. खोली तुमची असली तरी काच मलापण कळते.

बारक्या: दुसरा कागद आणू?

मी: नको. हाच उलटा कर. मॅडम, जरा सरका.